दोराचा वळ

परत येऊन दहा दिवस झाले. उजव्या पंजावर आडवा उठलेला वळ आधी जांभळा होता, आता पिवळा पडलाय, पण मूठ आवळली की अजून ठणका येतो. त्या वळाबद्दलच लिहायचं आहे. तो माझ्या चुकीने उठला, आणि ती चूक करणारी मी एकटी नसणार.

डोंगरांच्या मधल्या एका तलावावर पाच दिवस शिडाची होडी चालवायला गेले होते. खोली दमट होती, ओले कपडे शेवटपर्यंत वाळले नाहीत, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पहिले तीन दिवस वारा मंद होता आणि मी खूष होते. चौथ्या दिवशी दुपारी वारा उठला.

होडी लेझर. एकट्याने चालवायची, ४.२३ मीटर लांब, नुसत्या होडीचं वजन साठ किलोच्या आसपास. ब्रूस कर्बी यांनी आखलेली ही होडी १९७१ मध्ये लोकांसमोर आली आणि १९९६ पासून ऑलिंपिकमध्येही आहे. एक शीड, शीड आवरायचा एक दोर आणि एक सुकाणू, एवढ्यावर सगळा कारभार. तिला वेगवेगळ्या मापांची शिडं बसतात. मोठं ७.०६ चौरस मीटरचं, त्याहून लहान ५.७६ चौरस मीटरचं, त्याला रेडियल म्हणतात. रेडियलसाठी डोलकाठीचा खालचा तुकडाही वेगळा लागतो. म्हणजे शीड कोणतं, हे काठावरच ठरवावं लागतं.

होड्यांची देखभाल करणारे काका म्हणाले, "आज लहान शीड घे गं."

मी पाण्याकडे बोट दाखवलं. काठापासून शंभर-दीडशे मीटरपर्यंत पाणी जवळजवळ सपाट होतं. "काका, लाटा कुठायत?" ते काही बोलले नाहीत. मोठ्या शिडाची डोलकाठी उभी करायला त्यांनी मला हातभार लावला.

पाणी सपाट का होतं, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. वारा आमच्या पाठीमागच्या खिंडीतून तलावाकडे वाहत होता. काठाकडून सुटलेल्या वाऱ्याला लाट उठवायला अंतर लागतं. पुढे जाऊन लाटा मोठ्या होतात, पण काठावरून आपल्याला त्यांची पाठ दिसते, पुढचा फेस दिसत नाही. मागे वळून झाडं बघितली असती तरी कळलं असतं. वाऱ्याचा जोर ठरवणाऱ्या ब्यूफोर्टच्या मोजपट्टीत पाचव्या क्रमांकाच्या वाऱ्याची जमिनीवरची खूणच ती आहे: पानांनी भरलेली लहान झाडं डोलायला लागतात. म्हणजे १७ ते २१ नॉट, ताशी साधारण ३१ ते ३९ किलोमीटर. तोही सरासरी वारा, झोत त्याच्या दीडपट सहज जातो. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दीडपट झोतात शिडावर सव्वादोनपट जोर. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही मी फक्त समोरचं सपाट पाणी बघितलं.

वारा पाठीवर घेऊन निघाले आणि पहिली दहा मिनिटं अप्रतिम गेली. लाटेच्या उतारावर होडी घसरत पळायची, तळाखालून सळसळ ऐकू यायची. वाऱ्याबरोबर पळताना खरा वारा अंगाला लागतच नाही, होडीचा वेग त्यातून वजा होतो. म्हणून सगळं शांत वाटतं. तलावाच्या पार मध्यापलीकडे गेले तेव्हा परत फिरायचं मनात आलं.

सुकाणू लोटलं, होडी वाऱ्याकडे वळली आणि कानांत घोंघावायला लागलं. तोच वारा, पण आता माझा वेग त्यातून वजा होण्याऐवजी त्यात मिळत होता. शीड थडाथड आपटत होतं. दोर ओढून घेतला तर होडी कलंडायला लागली, पट्ट्यात पाय अडकवून अंग बाहेर झोकलं तेव्हा कशीबशी सरळ झाली. दोर इतका ओढत होता की हातातून निसटेल असं वाटलं. तेव्हा मी त्याचा एक वेढा पंजाला घेतला.

हे करू नये, हे सगळे सांगतात. तरी मी केलं. कारण शिकल्यापासून मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळालेला शब्द 'घट्ट' आहे. घट्ट धर, घट्ट बस, घट्ट ओढ. मंद वाऱ्यात शिकवणाऱ्यांवर माझा हा राग आहे, आणि तो मनापासूनचा आहे: धरायचं कसं हे सगळे शिकवतात, सोडायचं कसं याचा सराव कोणी करून घेत नाही.

तो झोत मी येताना बघितला होता. डावीकडे पुढे, साठ-सत्तर मीटरवर पाण्याचा रंग अचानक गडद झाला. जवळ आल्यावर दिसलं की तो रंग म्हणजे बारीक बारीक सुरकुत्या आहेत, मोठ्या लाटांच्या अंगावर उठलेल्या, आणि त्या पंख्यासारख्या पसरत माझ्याकडे येताहेत. मी बघत राहिले. हात तसाच आवळलेला.

झोत पोचला आणि होडी कलली. कललेली होडी आपणहून वाऱ्याकडे नाक वळवू बघते, त्यामुळे सुकाणू एकदम जड झालं. मी ते छातीशी ओढून धरलं. खरं तर तिथे सुकाणूशी भांडून काही होत नाही, आडवं धरलेलं सुकाणू फक्त ब्रेक लावतं. आधी शिडातला वारा सांडू द्यायचा असतो, होडी सपाट झाली की सुकाणू आपोआप हलकं होतं. मूठ उघडायची हे मला त्या क्षणीही कळत होतं. मी ती उघडली. पण पंजाला वेढा होता, दोर गेला नाही. शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, म्हणजे बूम, त्याचं टोक पाण्यात बुडालं, होडी कुशीवर उभी राहिली आणि मी शिडावर पडले.

पाण्याखाली हाताला बसलेला तो हिसका अजून आठवतो. होडीचं सगळं वजन त्या एका वेढ्यावर. दुसऱ्या हाताने तो सोडवायला दोन-तीन सेकंद लागले असतील. तेवढ्या वेळात मी जितकी घाबरले, तितकी यापूर्वी कधी घाबरले नव्हते.

वर आले, होडी धरली. उलटलेली होडी कधीही सोडायची नाही, काठ कितीही जवळ दिसला तरी. पोहत मागच्या बाजूला गेले, तळातून बाहेर आलेल्या फळीवर, म्हणजे डॅगरबोर्डवर, पोट टेकून चढले आणि लगेच होडी सरळ करायला घेतली. इथे दुसरी चूक. होडीचं नाक वाऱ्याकडे वळायची मी वाट बघितली नाही. शीड पाण्यातून वर आलं, वाऱ्याने ते खालून उचललं आणि होडी माझ्या डोक्यावरून दुसऱ्या बाजूला उलटली.

काका इंजिनाची होडी घेऊन आले होते. थोड्या अंतरावर थांबून ते ओरडले, "अगं, थांब! घाई करू नकोस. दोर मोकळा आहे का बघ आधी!"

दोर त्याच्या खाचेत अडकला होता. तो सोडवला.

"आता पुढे जाऊन नाक धर. तिला वाऱ्याकडे तोंड करू दे."

नाक धरून पाण्यात तरंगत राहिले. होडी हळूहळू फिरली. मग मागे येऊन पुन्हा डॅगरबोर्डवर वजन टाकलं, आणि या वेळी ती पाणी गाळत शांतपणे उभी राहिली, शीड फडफडत, कोणाच्याच ताब्यात नसल्यासारखं. मी आत चढले. काका जवळ आले. "हात बघू." मी दाखवला. त्यांनी बोटं एकेक हलवून बघितली. मग म्हणाले, "झोत अंगावर आल्यावर काय सोडतेस? पाणी काळं झालं की वीतभर सोडायचं. होडी सपाट झाली की परत घ्यायचं."

मला ओढत नेतात का, असं मी विचारलं नाही आणि त्यांनीही सुचवलं नाही. त्यांनी माझ्याकडून बूम खाली खेचणारा दोर आणि शिडाची पुढची कड ताणणारा दोर, दोन्ही जोर लावून आवळून घेतले. शीड चपटं झालं, त्यातला फुगवटा गेला, ओढ निम्मी झाल्यासारखी वाटली. हे मी काठावरच करायला हवं होतं.

परतीला बहुधा चाळीस मिनिटं लागली. नागमोडी, वाऱ्याच्या तोंडावर. डोळे शिडावर नाहीत, सतत पुढच्या पाण्यावर. गडद डाग दिसला की अंग बाहेर, दोर वीतभर सैल, सुकाणू किंचित लोटून नाक जरासं वाऱ्याकडे. झोताच्या सुरुवातीला होडीचा वेग तोच असतो आणि वारा वाढलेला, म्हणून तेवढं वर चढायला वाव मिळतो. मग दोर परत. झोत संपला की उलटं: वारा एकदम ओसरतो आणि बाहेर झोकलेली पाठ पाण्यात जाते, म्हणून अंग आधीच आत घ्यायचं. दुखऱ्या पंजातून दोर सरकताना प्रत्येक वेळी आग व्हायची. पण सरकत होता. सोडलेला दोर परत हातात येतो, यावर माझा विश्वास बसायला पंधरा-वीस झोत लागले.

खिंडीजवळ सगळ्यात वाईट हाल झाले. तिथे पाणी सपाट, पण वारा डोंगराला आपटून कुठूनही यायचा, डाग दिसेपर्यंत अंगावर आलेला असायचा. काठाला लागले तेव्हा मांड्या थरथरत होत्या आणि डोलकाठी उतरवायला मूठ मिटत नव्हती.

पाचव्या दिवशी पंजाला पट्टी बांधून मी रेडियल लावलं. वारा जवळपास तेवढाच होता. एकदाही उलटले नाही. पण एक गोष्ट राहून गेली. वारा पाठीवर असताना शीड एका बाजूहून दुसऱ्या बाजूला न्यायचं, तो जाइब, मी केला नाही. प्रत्येक वेळी लांबचा वळसा घेऊन, नाक वाऱ्यातून फिरवून दिशा बदलली. काका सांगत होते की लाटेवरून होडी सगळ्यात जोरात पळत असेल तेव्हाच जाइब करायचा, शिडावरची ओढ तेव्हाच सगळ्यात कमी असते. ते बरोबर आहे, हे मला पटतं. दोनदा तशी लाट मिळाली, दोर ओढायला हातही उचलला, आणि दोन्ही वेळा मी वेग कमी होईपर्यंत थांबले. परत जाणार आहे ते त्यासाठीच.