गेमबॉय एम्युलेटर: चौकोनांपासून सुटका एकदाची

झालं बुवा! मागच्या वेळी रडलो होतो ना, मी लिहितोय त्या एम्युलेटरवर (जुन्या गेमबॉयची नक्कल करणारा प्रोग्राम) टेट्रिस सुरू होतंय पण वरनं नुसते चौकोनच पडतायत, आधी वाटलं योगायोग असेल, पण वीसेक चौकोन झाल्यावर भाचा म्हणाला, मामा, हा गेम लईच सोपाय.

दोन रविवार खाल्ले याने. सीपीयू बरोबर चालतोय का ते तपासणाऱ्या टेस्ट रॉममधल्या ११ च्या ११ टेस्ट पास, मग चुकतंय कुठे? सवयीने डीएएवर (दशमान बेरीज-वजाबाकीचं उत्तर दुरुस्त करणारी इन्स्ट्रक्शन) संशय घेतला (त्या इन्स्ट्रक्शनवर कोण घेत नाही), अख्खी परत लिहिली, ढिम्म फरक नाही. शेवटी गेमची डिसअसेंबली (मशीन कोडचं वाचता येईल असं रूप) उघडून बसलो, तर हा गेम रँडम नंबर घेतो डीआयव्ही रजिस्टरमधून! सेकंदाला १६३८४ वेळा वाढणारा ८ बिटी काउंटर, त्यात जो आकडा असेल त्यातून एकेक कमी करत सात तुकड्यांच्या यादीत गोल गोल फिरायचं, शून्य आलं की थांबायचं. माझ्याकडे तो आकडा कायमच शून्य. ८ बिटांत शून्यातून एक वजा केला की फिरून २५५, म्हणजे २५५ पावलं, सातने भागून बाकी ३, आणि यादी शून्यापासून मोजली की एल, जे, आय, ओ... चौकोन! कागदावर हे जुळलं तेव्हा इतका खूश झालो की बग शोधायच्या आधी चहा टाकला.

बग काय, तर टायमर व्यवस्थित वाढत होता, पण एफएफ०४ (डीआयव्हीचा मेमरीतला पत्ता) वाचताना मी टायमरला न विचारता सरळ मेमरी अ‍ॅरेतला बाइट उचलत होतो. एक ओळ. रस्ट भाषेचा बॉरो चेकर (मेमरी वापरातल्या चुका पकडणारा) दिवसभर डोकं खातो आणि असलं काही गपगुमान जाऊ देतो. असो, पहिला आडवा टी पडला तेव्हा घरात ओरडलोच.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या स्वस्तातल्या यूएसबी कंट्रोलरचं डावं बटण एकदा दाबलं की दोनदा लागतं, घेऊ नका, कीबोर्ड बरा.

आता साउंड घेणार होतो, पण हे टाइप करतानाच डोक्यात आलं की डीआयव्ही म्हणजे आतल्या १६ बिटी काउंटरचे वरचे ८ बिट, टीआयएमए (गेम वापरतात तो दुसरा टायमर) त्याच्यावरच चालतो, साउंडचा ताल ठेवणारा ५१२ हर्ट्झचा सीक्वेन्सरही त्यावरच, आणि मी मात्र दोन वेगळे काउंटर पाळलेत. म्हणजे आधी टायमरच परत लिहायला हवा, नाहीतर साउंडमध्ये परत हेच रडगाणं. त्यासाठी कोडची वेगळी ब्रँच काढलीये आत्ताच.