भूक लागते का हो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी आपणहून काढत नाही, कारण काढला की समोरचा माणूस आधी पोटाकडे बघतो, मग चेहऱ्याकडे, मग परत पोटाकडे. लग्नात, बँकेच्या रांगेत, सकाळी आमराईत फिरताना, कुठेही कुणाला कळलं की ह्याचं ते स्लीव्ह का काय म्हणतात ते पोटाचं ऑपरेशन झालंय, की पहिला प्रश्न असतो किती किलो कमी झालं, आणि दुसरा, आवाज जरा खाली आणून, मग आता भूक लागते का हो? किलोचं उत्तर सोपं आहे. 134 होतं, सगळ्यात कमी 91 झालं, आज सकाळी 96 भरलं. भुकेचं उत्तर मात्र गेली काही वर्षं मी वेगवेगळं देत आलोय आणि दर वेळी खरंच दिलंय.

थोडं मागे जावं लागेल. ऑगस्ट 2019 चा महापूर सांगलीकरांना सांगायला नको. आमच्या गल्लीत पाणी चढलं तेव्हा आम्ही शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होतो, बोट आली, बायको बसली, पोरगं बसलं, मी पाय टाकणार तेवढ्यात बोटवाला पोरगा म्हणाला, साहेब तुमी पुढच्या फेरीला या, दोन माणसांची जागा लागतीया. तो चुकीचं काही बोलला नव्हता, त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली होती आणि जिल्हाभर सगळे धास्तावलेले होते. बोटीतलं कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. पुढची फेरी यायला दोन तास लागले, मी आणि आई गॅलरीत उभे, खाली चहाच्या रंगाचं पाणी, आणि त्या दोन तासात शेजारच्या काकूंनी दिलेला भडंगाचा डबा मी एकट्यानं संपवला. हा भडंगाचा डबा लक्षात ठेवा, पुढे परत येणारे.

त्यानंतरही ऑपरेशनला दोन वर्षं गेलीच. मला शुगर होती, बीपी होतं, रात्री झोपेत श्वास अडकायचा म्हणून नाकाला मशीन लावून झोपायचो, उंची 170 सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते) 46. डाएट सगळी करून झालेली. एकदा वर्षभरात 22 किलो उतरवले होते आणि पुढच्या दीड वर्षात 26 परत घेतले. मेडिक्लेमची कागदपत्रं हा वेगळाच छळ, बीएमआय 40 च्या वर असेल, किंवा 35 च्या वर असून सोबत गंभीर आजार असेल तरच हे ऑपरेशन विम्यात बसतं, आणि बसत असूनही मला चार वेळा तीच फाइल परत पाठवावी लागली. जाऊ दे.

ऑक्टोबर 2021 मध्ये पुण्यात ऑपरेशन ठरलं. त्याच्या महिनाभर आधी डाएटिशियन मॅडमनी एक वही करायला लावली. तीन रकाने: वेळ, काय खाल्लं, भूक होती का. मला वाटलं कॅलरी मोजायला असेल. पंधरा दिवसांनी त्यांनी वही उघडली आणि फक्त तिसऱ्या रकान्यावरून बोट फिरवलं. नाही, नाही, नाही, हो, नाही, नाही. दुपारी चारला भडंग, भूक नाही. ऑफिसातून घरी येताना भजी, भूक नाही. साहेबांनी झापलं त्या दिवशी जिलेबी पाव किलो, भूक नाही. रात्री साडेअकराला सगळे झोपल्यावर परत भडंग, भूक नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या, हे ऑपरेशन ज्या दिवशी तुम्ही हो लिहिलंय त्या दिवसासाठी आहे. तेव्हा कळलं नाही मला. हो हो म्हणून मान हलवली.

शेवटचे दोन आठवडे नुसतं पातळ, कारण जाड माणसाचं लिव्हर चरबीनं फुगलेलं असतं आणि ते बरोबर जठरावर पसरून बसतं, ते आकसलं नाही तर डॉक्टरांना दुर्बिणीतून नीट दिसत नाही. त्यातच सहा किलो गेले. आणि लोक विचारतात ना, चरबी काढली का हो, तर नाही, चरबीला कुणी हातसुद्धा लावत नाही. पोटावर पाच छोटी भोकं पाडतात, जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्तच उभा कापून स्टेपल मारत मारत काढून टाकतात, आणि आत केळ्यासारखी एक बारीक नळी राहते, ज्यात सुरुवातीला अर्धा कप मावला तरी खूप. कापलेला भाग बाहेर आणून बायकोला दाखवला होता. ती अजून म्हणते, अहो एवढंसं होतं, मला वाटलं पोतंच निघेल.

आता भुकेचं. जठराचा वरचा जो फुगीर भाग असतो तिथे घ्रेलिन नावाचं हार्मोन सगळ्यात जास्त तयार होतं, मेंदूला भूक लागली म्हणून निरोप देणारं, आणि नेमका तोच भाग काढलेला असतो. त्यामुळे शुद्धीवर आलो तेव्हा खांदा दुखत होता (पोटात भरलेल्या गॅसमुळे दुखतो, पोटाचं ऑपरेशन आणि ठणका खांद्यात, सांगितलं नव्हतं असं नाही पण विश्वास बसला नव्हता), घसा कोरडा होता, पण भूक नव्हती. दुसऱ्या दिवशी नाही. आठव्या दिवशी नाही. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा डोक्यात एकदम शांत वाटत होतं, म्हणजे घरात सतत चालू असलेला मिक्सर कुणीतरी बंद केल्यावर कळतं की अरे, हा चालू होता. त्या काळात कुणी विचारलं असतं भूक लागते का, तर मी सांगितलं असतं, अजिबात नाही, आणि वर दहा जणांना ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं असतं. दोघांना सांगितलंही.

भूक नसताना खाणं ही नोकरी असते पण. औषधाच्या बाटलीच्या टोपणाएवढा ग्लास, तीस मिली, तो घोट घोट करत संपवायचा, की पुढचा, असं करत दिवसाला दीड लिटर पाणी. दोन आठवडे पातळ, मग गरगटं, मग मऊ. प्रोटीन रोज 60 ते 80 ग्रॅम, आणि आपल्याकडे समज असा की वरणाचं पाणी म्हणजे ताकद. वरणाचं पाणी म्हणजे पाणी. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, आता तुम्हीच हिशोब करा चार घास जेवणाऱ्या माणसानं 60 कुठून आणायचे, म्हणून ती पावडर प्यावी लागते जिचा वास मला आजही सहन होत नाही. पातळाच्या दिवसात आईनं मटणाचं अळणी दोनदा गाळून, वरची चरबी काढून दिलं, एक वाटी संपवायला पाऊण तास लागला आणि ती समोर बसून माझ्याकडे असं बघत होती की जणू मी मुंजीतला मुलगाय. वाटी संपल्यावर सवयीनं म्हणाली, अजून घालू? मग स्वतःच उठून गेली आत.

तिसऱ्या आठवड्यात काटा दहा दिवस हललाच नाही. हे जवळजवळ सगळ्यांचं होतं, आधी सांगून ठेवतो, तेव्हा काट्यावर रोज उभं राहू नका. चौथ्या महिन्यात केस गेले, बादलीत हात घातला की केस, नवव्यापर्यंत परत आले. बी ट्वेल्व्ह, डी, लोह, कॅल्शियम हे आता कायमचं, आणि लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास. शुगरची गोळी सहाव्या महिन्यात बंद झाली, वर्षानं एचबीए वन सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, 8.9 चं 5.9. मशीनही सुटलं. मशीन सुटल्याच्या पहिल्या रात्री बायको तीन वेळा उठून माझ्या नाकाखाली हात धरून बघत होती, घोरणं नाही, मशीनचा आवाज नाही, तिला वाटलं मी गेलो.

आणि तरीही, आता मुद्द्याचं, साधारण दुसऱ्या महिन्यात एके दिवशी दुपारी चार वाजता ऑफिसातून घरी आलेलो, भूक शून्य, पोटात जागा शून्य, आणि मी स्वयंपाकघरात फळीसमोर उभा होतो, हात भडंगाच्या डब्यावर. उघडलासुद्धा होता. मला आठवतच नाही मी तिथपर्यंत कधी चालत गेलो. लसूण, शेंगदाणे, मिरचीचा तो वास आला आणि मी तिथेच उभ्या उभ्या रडलो, खरंच सांगतो, चव्वेचाळीस वर्षांचा पतसंस्थेचा शाखाधिकारी. कारण तेव्हा मला वहीचा तिसरा रकाना कळला. भूक डॉक्टरांनी काढून नेली होती आणि मागे हे सगळं शिल्लक होतं, दुपारचं चार, साहेबांचं झापणं, सगळे झोपल्यानंतरची रात्र. त्याला स्टेपल मारता येत नाहीत. पुढचे सहा महिने मी दर चार वाजता घराबाहेर पडायचो, आयर्विन पुलावर जाऊन यायचो, पाणी बघत उभा राहायचो, व्यायाम म्हणून नाही, फळीपासून लांब म्हणून. (सोपा मार्ग घेतलास म्हणणारे एक मामा आहेत आमच्याकडे. त्यांना एकदा पुलावर घेऊन जायचंय.)

दुसरी गंमत आग्रहाची. ऑपरेशनला सहा महिने झालेले, चुलतभावाचं लग्न, वाढप्याला हात करून नको म्हटलं तर तो लाजतोय समजून दोन चमचे जास्त वाढतो. मी घाईत पोळीचा एक घास नीट न चावता गिळला आणि तो छातीत अडकला. अडकला म्हणजे काय हे ज्याला झालंय त्यालाच कळतं, श्वास चालू असतो पण छातीच्या मध्ये कुणी मूठ दाबून धरलीय, तोंडाला फेसासारखी लाळ सुटते, पाणी प्यायलं तर आणखी वाईट. मांडवाच्या मागे जनरेटरपाशी वीस मिनिटं उभा होतो. परत आलो तर पानावर जिलेबी. मऊ पोळी गोळा होऊन अडकते, भाकरी मात्र ताकात कुस्करली की जाते, निदान माझं तरी असं आहे. आणि जेवताना पाणी बंद, जेवल्यावर अर्धा तास बंद, हे मला भाताहून अवघड गेलं, कारण आमच्याकडे ताटाआधी तांब्या येतो.

मग जानेवारी 2023. पंधरा महिने झालेले, वजन 92 च्या आसपास, मित्राच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो. सकाळी लवकर निघालो, गाडीत गप्पा, साडेअकरा वाजले आणि माझ्या पोटात बरगड्यांच्या खाली काहीतरी ओढल्यासारखं, कुरतडल्यासारखं व्हायला लागलं. ॲसिडिटी असणार म्हटलं, ह्या ऑपरेशननंतर ती होतेच, खिशातून गोळी काढली आणि घेतली. थांबेना. मग मला भीती वाटायला लागली, आत काही फाटलं की काय, बायकोला बाजूला घेतलं, म्हटलं इथे दुखतंय, असं असं होतंय, डॉक्टरांना फोन लावू का. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, अहो, भूक लागली असेल.

आगटीपाशी बसलो. कणसं भाजून हातावर चोळून दाणे दिले, शेंगदाण्याची चटणी, थोडं दही. एक मूठ हुरडा, एक एक दाणा चावत, अर्धा तास. आणि ते शेवटच्या दाण्यांशी थांबलं, ते ओढणं, आपोआप. इतकी वर्षं मला वाटायचं भूक म्हणजे मला जे सतत होत असायचं ते. ते हे नव्हतंच. हे अगदी साधं होतं, आलं, थोडं मागितलं, मिळाल्यावर गेलं. मी भयंकर घाबरलो होतो आणि आनंदही झाला होता, दोन्ही एकदम, आणि संध्याकाळी डाएटिशियन मॅडमना फोन करून सांगितलं भूक परत आलीय, तर त्या शांतपणे म्हणाल्या, येतेच बहुतेकांची, वही आहे का अजून?

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं आजचं उत्तर: हो, लागते. सकाळी साडेअकराला आणि संध्याकाळी सात-साडेसातला. पोट लहान आहे म्हणून दीड भाकरीऐवजी अर्धी लागते, त्यात उसळ, अंडं, चिकन आधी आणि भाकरी शेवटी. चारला जे लागतं ती भूक नाही, पण लागतं अजून. 91 चे 96 झाले ते जेवून झाले नाहीत, भडंग खाऊन झाले, कारण भडंग, शेव, चिवडा, आइस्क्रीम असलं सगळं त्या नळीतून न थांबताच खाली सरकतं, पोट भरल्याचा निरोप जात नाही, चिकनच्या चार तुकड्यांनी टम्म होणारा मी पाव किलो भडंग सहज संपवू शकतो. हे ऑपरेशनच्या आधी कुणी ठळक अक्षरात लिहून दिलं असतं तर बरं झालं असतं. बहुतेक दिलं असेल, मीच वाचलं नसेल.

बायकोनं आता डबा पोराच्या खोलीत हलवलाय, कपाटाच्या अगदी वर, मागच्या बाजूला. पूर्वी तिथपर्यंत जायचं तर प्लास्टिकच्या स्टुलावर चढावं लागलं असतं आणि 134 किलोला प्लास्टिकच्या स्टुलावर चढायची माझी छाती नव्हती. आता स्टूल नुसतं करकरतं. दोघांनाही अजून माहीत नाहीये.