स्कूटर मिळाली पण विचारायचं राहून गेलं

काही वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगखालून माझी स्कूटर चोरीला गेली होती. सोळा वर्षांचा पोरगा सापडला, गाडी पण मिळाली, पण डिकीतली आईच्या रिपोर्टांची फाईल नव्हती. मला त्याला एवढंच विचारायचं होतं की बाबा रे, ती फाईल कुठे टाकलीस. ते कुणी विचारू दिलंच नाही, आणि त्याचं पुढे काय झालं तेही कळलं नाही.

म्हणून न्यूझीलंडमधल्या फॅमिली ग्रुप कॉन्फरन्सबद्दल, म्हणजे गुन्हा केलेलं पोर, त्याचे घरचे आणि ज्याचं नुकसान झालं तो माणूस यांच्या बैठकीबद्दल, वाचताना मी फार गुंतत गेले. आधी तिथे इंग्लंडच्या धर्तीवरच्या कोर्टात माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, पोरं एकेकटी उभी राहायची आणि त्यातली किती तरी घरापासून लांब सरकारी संस्थांमध्ये जायची. मग माओरी नेते जॉन रांगीहाऊ यांच्या कमिटीने 'पुआओ ते आता तू', म्हणजे पहाट, या नावाचा रिपोर्ट दिला, त्यात सरकारी खात्यातच वंशभेद मुरलाय असं स्पष्ट म्हटलं होतं आणि मूल एकटं नसतं, ते फानाउचं असतं हेही. फानाउ म्हणजे नुसते आईबाप नाहीत, आपण भावकी, गोतावळा म्हणतो ना, तसं सगळं. १९८९ साली कायदा झाला तो यातूनच.

आता तिथे मुलाने गंभीर गुन्हा केला की (खून, मनुष्यवध सोडून) एका खोलीत मुलगा, आज्जी, मामा, काका, पोलीस आणि ज्याचं नुकसान झालं तो माणूस, सगळे बसतात. काय घडलं ते वाचतात, पोराने ते कबूल केलं तरच गाडी पुढे जाते, मग नुकसान झालेला माणूस त्याच्याकडे बघून बोलतो. आणि मग मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, बाकी सगळे बाहेर जातात, पोलीससुद्धा, आणि घरचे एकटेच बसून ठरवतात की भरपाई कशी करायची, माफी कशी मागायची, शाळेचं काय करायचं. त्यावर बाकीचे हो म्हणाले की तो प्लॅन. पुढे ऑस्ट्रेलियात, उत्तर आयर्लंडमध्येही ही पद्धत गेली.

आपल्याकडे हे सांगितलं की लोक लगेच जातपंचायत म्हणतात, आणि ती भीती खरी आहे, वाळीत टाकण्याविरुद्ध २०१६ चा कायदा आपल्याच राज्याला करावा लागला. पण जातपंचायत माणसाला तोडते, इथे सगळी धडपड त्याला परत जोडायची आहे, मला हा फरक फार मोठा वाटतो.

सगळं छान आहे असंही नाही. मोआना जॅक्सन या माओरी वकिलांनी १९८८ मध्येच माओरींची स्वतःची न्यायव्यवस्था हवी असं मांडलं होतं, सरकारने पद्धत उचलली पण अधिकार स्वतःकडेच ठेवला, आणि लोकसंख्येत १७ टक्क्यांच्या आसपास असलेले माओरी तुरुंगात आजही निम्म्याच्या घरात आहेत. मला जॅक्सन यांचं पटतं.

तरी २००८ पासून तिथल्या गिस्बोर्न शहरात सुरू झालेलं रांगाताही, म्हणजे तरुण पोरांचं, कोर्ट बघा, ते मराएवर म्हणजे माओरींच्या सभास्थानी भरतं, न्यायाधीशाशेजारी वडीलधारे बसतात आणि पोराला आपला डोंगर, आपली नदी, आपले पूर्वज यांची नावं माओरी भाषेत उभं राहून सांगावी लागतात. ज्यांना ती नावं माहीतच नसतात ती पोरं ती शिकून येतात, आणि ठरलेला प्लॅन पाळला की नाही हे सांगायला परत त्याच मराएवर, त्याच म्हाताऱ्यांसमोर.