रुळांच्या वाटेवर सायकल

मिडलटन टॉपला आईसाठी सायकल भाड्याने घेतली आणि आम्ही हाय पीक ट्रेलला, म्हणजे इंग्लंडमधल्या एका जुन्या रेल्वेच्या वाटेला, लागलो. डर्बीशरच्या खाणींतली चुनखडी वाहणारी ही रेल्वे १८३१ मध्ये पूर्ण झाली, १९६७ मध्ये बंद पडली. आता रुळांच्या जागी बारीक खडी. वाट बहुतेक सपाट, त्यामुळे साठीतली आईही निवांत पायडल मारत होती. फक्त हॉप्टनच्या चढावर, चौदा फुटांना एक फूट, तिचा श्वास फुलला. उतरून ढकलली, झालं.

मिनिंगलोजवळचा भराव मात्र बघत राहावा असा! चुना-सिमेंट काही नाही, नुसता दगडावर दगड. आई थांबली, सांध्यातून बोट फिरवलं. "आपल्या गावच्या गडग्यासारखाच रे," म्हणाली. बोटाला पांढरी भुकटी लागली होती.