जानेवारीतली मोजणी

सहा वर्षं मी अमेरिकेतल्या पश्चिम कान्सासमधल्या विहिरींचे आकडे संगणकावर बघतेय. विहीर प्रत्यक्ष बघितली ती यंदाच्या जानेवारीत. कठडा, रहाट, पायऱ्या असं काही डोळ्यांसमोर आणू नका. मक्याच्या कापलेल्या शेतात एक पंप, शेजारी इंजिन आणि पंपाच्या बैठकीला बुचाएवढं भोक. इथे विहीर म्हणजे एवढंच.

मोजणीच्या गाडीत मला कशीबशी जागा मिळाली होती. सोबतचे काका निवृत्तीला टेकलेले. त्यांनी पोलादी फितीच्या खालच्या भागाला निळा खडू फासला, सुतार दोरीला लावतात तो. फीत भोकातून खाली सोडली, 160 फुटांच्या खुणेवर धरली आणि परत वर ओढली. खडू 12.4 फुटांपर्यंत भिजला होता. म्हणजे पाणी 147.6 फुटांवर. "आता पुन्हा," ते म्हणाले. एका आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा नियम. कधी कधी पंपातून ठिबकलेलं तेल पाण्यावर तरंगत असतं, मग खडूवरची रेघ फिसकटते आणि फीत पुसून सगळं पहिल्यापासून करावं लागतं. वारा असा, की हातमोजे काढले की बोटं आपली राहत नाहीत.

मोजणी जानेवारीतच का? कारण तेव्हा उपसा थांबून काही महिने झालेले असतात आणि पातळी जेवढी सावरायची तेवढी सावरलेली असते. कान्सास विद्यापीठाचा भूशास्त्र सर्वेक्षण विभाग आणि राज्याचा जलसंपदा विभाग मिळून दर हिवाळ्यात सुमारे 1,400 विहिरी अशा मोजतात. खाली आहे ओगालाला भूजल, आठ राज्यांखाली पसरलेलं. पश्चिम कान्सासमध्ये त्यात वर्षाला जेमतेम इंचभरही पाणी मुरत नाही, आणि उपसा त्याच्या कितीतरी पट.

आता पैशांचं. 1989 साली इथल्या विधिमंडळाने पाण्यासाठी वेगळा निधी काढला. कायद्याने त्यात दरवर्षी राज्याच्या तिजोरीतून 60 लाख डॉलर आणि लॉटरीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या विकासनिधीतून 20 लाख डॉलर यायचे. शिवाय खतं, कीटकनाशकं यांवरचे आकार आणि शहरांच्या नळाला हजार गॅलनमागे 3 सेंट. सिंचनाच्या पाण्याला मात्र असा आकार नाही, आणि राज्यात सगळ्यात जास्त पाणी उपसतं ते सिंचनच. हे मी कुणाला सांगितलं की आधी विश्वासच बसत नाही. 2008च्या मंदीनंतर तिजोरीची रक्कम वर्षानुवर्षं पूर्ण आलीच नाही. 2022मध्ये ती परत पूर्ण झाली, 2023मध्ये आणखी साडेतीन कोटी डॉलर मंजूर झाले. त्यातला बराच वाटा पाणीयोजनांच्या अनुदानांना. माझी तक्रार नाही, गावांना पाइप हवेतच. पण पाइपासमोर फोटो काढता येतो, निळ्या खडूच्या रेघेसमोर कोण काढणार?

एका बैठकीत एका गृहस्थांनी मला अगदी साळसूदपणे विचारलं होतं, "पण गेल्या वर्षी मोजलं होतं ना?"

मी तेव्हा गप्प बसले. शेरिडन परगण्याचं उदाहरण द्यायला हवं होतं, ते नेहमीप्रमाणे घरी आल्यावर सुचलं. तिथल्या एका पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी 2013 पासून स्वतःवरच बंधन घालून घेतलं: पाच वर्षांत मिळून एकरी 55 इंच पाणी, कुठल्या वर्षी किती वापरायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. उद्देश उपसा वीस टक्के कमी करण्याचा होता, घट त्याहून जास्त झाली. कान्सास स्टेट विद्यापीठाच्या अर्थशास्त्रज्ञांनी त्या पट्ट्यातली आणि बाहेरची शेतं ताडून पाहिली. मक्याचा उतारा थोडा घटला, पण खर्चही घटला आणि शेतकऱ्याच्या हातात उरलेला पैसा कमी झाला नाही. मुदत संपल्यावर ते बंधन पुन्हा लागू झालं. हे सगळं बोलता आलं ते कशामुळे? विहिरींवर मीटर आहेत, आणि बंधनाच्या आधीची पातळी कुणीतरी थंडीत उभं राहून लिहून ठेवली होती.

दुसऱ्यांदाही 12.4च आलं. काका वही मिटत होते तेवढ्यात शेताचा मालक पिकअप घेऊन आला. खाली उतरला नाही, काच अर्धी खाली केली.

"किती?"

"147.6."

तो थोडा वेळ स्टीअरिंगवर बोटं वाजवत बसला.

"गेल्या वर्षी किती होतं?"

काकांनी मागचं पान उलटलं. निळ्या बोटांचे ठसे पडलेलं ते पान. "146.3."

त्याने मान डोलावली आणि काच वर केली. आम्ही पुढच्या विहिरीकडे निघालो.