एथिक्स कमिटी, निळी पावडर आणि माझे पाच महिने

स्पिरुलिना या शेवाळाच्या पावडरीतला निळा रंग, म्हणजे फायकोसायनिन, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंपुढे ठेवला तर ते त्याचं काय करतात, एवढाच माझा प्रश्न. कुणाला काही खायला घालायचं नव्हतं. सहा जणांची शी घ्यायची, हवाबंद बाटलीत कालवायची, रंग टाकायचा, ३७ डिग्रीला २४ तास ठेवायची आणि अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट, म्हणजे जिवाणू अन्न आंबवून जी आम्लं बनवतात ती, किती बनली ते मोजायचं. काम दोन आठवड्यांचं, पण माणसांचे नमुने घ्यायचे म्हणून एथिक्स कमिटीची परवानगी लागते, ती मिळायला पाच महिने.

पहिल्यांदा फॉर्म परत आला कारण 'औषधाचा डोस' हा रकाना मी रिकामा सोडला होता. औषधच नाही तर डोस कुठला लिहू? तिथे 'लागू नाही' असं लिहायचं असतं, रिकामं काही म्हणजे काहीच ठेवायचं नाही, हे कुणी आधी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते, कारण कमिटी दोन महिन्यांतून एकदाच बसते आणि बैठकीच्या पंधरा दिवस आधी कागद पोचले नाहीत तर थेट पुढची बैठक. दुसऱ्यांदा विचारलं, सहभागींचा विमा आहे का. अहो, ते डबी देऊन घरी जाणार आहेत! शिवाय संमतीपत्रात मी 'मल' लिहिलेलं, त्यावर शेरा की सामान्य माणसाला कळेल असा शब्द वापरा, म्हणून 'शी' केलं, तर पुढचा शेरा, भाषा औपचारिक ठेवा. शेवटी 'शौचाचा नमुना' पास झालं. त्याच शेऱ्यांमध्ये तळाला एक ओळ होती, पावडरमध्ये रंगाव्यतिरिक्त काय आहे त्याचं सर्टिफिकेट जोडा. मी चिडून सप्लायरकडून मागवलं, न वाचता जोडलं आणि विसरून गेले.

परवानगी मिळाली त्या दिवशी मी खरंच लॅबमध्ये नाचले.

पुढचं सगळं भराभर झालं. आधी पावडर इन्फोजेस्ट या पोटातलं पचन बाटलीत करायच्या ठरलेल्या पद्धतीने 'पचवली', जठरासारखं पीएच ३ ला पेप्सिन या एन्झाइमसोबत दोन तास, मग लहान आतड्यासारखं पीएच ७ ला पॅन्क्रियाटिन या स्वादुपिंडाच्या एन्झाइमांसोबत दोन तास. बाटल्यांना फॉइल गुंडाळा, या रंगाला उजेड आणि उष्णता दोन्ही सोसत नाही. एक गंमत सांगते. बाटलीतला ऑक्सिजन गेला की नाही ते कळायला रेझाझुरिन नावाचा रंग घालतात, ते आधी निळं, मग गुलाबी आणि ऑक्सिजन गेला की बिनरंगी. आता माझी बाटली मुळातच निळीशार, मी वीस मिनिटं त्या निळ्याकडे बघत गॅस सोडत बसले, गुलाबी काही दिसेना. शेजारी रंग न घातलेली एक बाटली ठेवा आणि तिच्याकडे बघा, संपलं.

पहिल्या रनला पीएच दणकन खाली, म्हणजे आम्ल खूप बनलं, अ‍ॅसिटेट भरपूर. मी मनात पेपर लिहायला घेतला. माझ्या गाइड सरांनी आलेख बघितला आणि म्हणाले, "ते सर्टिफिकेट आण बघू." त्यात रंग जेमतेम एक तृतीयांश, बाकी बराचसा ट्रेहॅलोज, म्हणजे एक साखर! ही साखर खाल्ली तर लहान आतड्याच्या भिंतीवरचं एन्झाइम ती तोडतं, पण माझ्या बाटलीला आतड्याची भिंत कुठली, त्यामुळे सगळी साखर आयती जिवाणूंच्या ताटात. नुसता ट्रेहॅलोज घालून बघितला तर आलेख जवळपास तोच. मग पावडर थंडीत, अंधारात डायलिसिसला लावून, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीतून साखर पाण्यात जाऊ देऊन, ती काढली आणि पुन्हा केलं, तेव्हा फरक इतका बारीक उरला की सहा डोनरमध्ये तीन जणांतच दिसला. म्हणजे कमिटीच्या ज्या ओळीला मी शिव्या घातल्या तीच कामाची निघाली. विम्याचा प्रश्न मात्र बावळटच होता, त्यावर मी ठाम आहे.

फ्युकोझँथिन, म्हणजे तपकिरी समुद्री शेवाळातला रंग, प्रयोगाला घेणाऱ्यांचंही तेच दुखणं. तो रंग तेलात विरघळतो, म्हणून नुसत्या तेलाची बाटली सोबत हवीच. माझ्या अभ्यासाच्या शीर्षकात मी 'मेटाबॉलिझम' (चयापचय) घातलं होतं, सरांनी त्यावर काट मारली. बाटलीला ना यकृत ना चरबी, उंदरांच्या निकालांवर उड्या मारू नकोस म्हणाले. पटलं, जरा लागलंही.

तरी विषय सोडणार नाही. या निळ्या रंगाचा जो रंग देणारा तुकडा आहे, फायकोसायनोबिलिन, तो आपल्या बिलिरुबिनचा, म्हणजे पित्तातल्या पिवळ्या रंगाचा, चुलतभाऊ. आतड्यातले जिवाणू बिलिरुबिनचं युरोबिलिनोजेन हे बिनरंगी द्रव्य करतात ते कुठल्या एन्झाइमने, हे २०२४ मध्ये कळलं, त्याला बिल-आर म्हणतात. २४ तासांनी माझ्या बाटल्या निळ्याच्या मळकट हिरव्या झाल्या होत्या, त्यात याचा हात आहे की रंग नुसताच ३७ डिग्रीला मेला, ते आता बघायचंय. जिवाणू न घातलेली बाटली यावेळी लावणार, मागच्या वेळी विसरले.

हो, एक राहिलंच. डोनरला 'तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलंय का' असं विचारू नका, सगळे नाही म्हणतात. 'घसा, दात, ताप, कशासाठी डॉक्टरकडे गेला होतात का' असं विचारा. माझा चौथा डोनर दाताचा कोर्स करून आला होता.