ओट्याला धरून एक पाय

आई पावसात पडली नाही हे आधी सांगते. कारण आमच्या गुहागर साईडला जून लागला की सगळ्यांचा धसका बाहेरचा, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, खळं निसरडं होतं, मी दरवर्षी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासून काढते, आणि बाईसाहेब पडल्या कुठे तर डिसेंबरात, कोरड्या ठणठणीत माजघरात, रात्री अडीचला. बाथरूमला उठली, लाईट लावला नाही (कशाला उगाच सगळ्यांची झोपमोड!), उंबरठ्याला पाय अडखळला, हात टेकला आणि मनगट मोडलं.

नंतर कोल्हापूरला डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी केली, टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेतला आकडा) मायनस ३.१. उणे अडीच किंवा त्याच्या खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, म्हणजे हाडं ठिसूळ होणं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं भराभर झिजायला लागतात हे वाचलेलं होतं, पण आपल्या आईच्या कागदावर तो आकडा बघणं वेगळं.

मग सुरू झालं "काकू, आता काय काम करू नका हां, बसून राहा." आम्हीपण त्यातलेच. तीन महिने तिला खुर्चीवरून उठू दिलं नाही, शेवटी हाताचा रेटा दिल्याशिवाय तिला उठताच येईना आणि चालताना भिंत चाचपायला लागली. हे आम्हीच करून ठेवलेलं.

फिजिओने सरळ सांगितलं, गोळी हाडासाठी, पण पडू नये म्हणून मांड्यांत ताकद आणि तोल हवा, आणि तोल या वयातही सरावाने सुधारतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात म्हाताऱ्या माणसांसाठी घरीच करायचे असे व्यायाम बसवलेत, चाचण्यांमध्ये पडण्याचं प्रमाण साधारण ३५ टक्क्यांनी कमी झालं. आमच्याकडे ओटागो म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. दूध तापत ठेवायचं, दोन्ही हातांनी ओटा धरून एका पायावर उभं राहायचं, जमलं की एक हात, मग नुसतं बोट. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत ओट्याच्या कडेने चालायचं. हात न लावता खुर्चीवरून दहादा उठायचं. सुरुवातीला मी मागेच उभी असायचे.

खरं भांडण झालं ते वाकण्यावरून. पाठीची कमान करून खाली वाकायचं नाही, मणका दबून मोडू शकतो. म्हणजे विहिरीवरची कळशी बंद, सूर्यनमस्कार बंद, विळीची जागा सुरीने घेतली. सुरीचा राग अजून आहे.

घरात उंबरठ्यांना पिवळा ऑईलपेंट मारला, पायपुसणी फेकली, उशाशी टॉर्च (आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही), उठल्यावर मिनिटभर पाय सोडून बसायचं. गवंड्याने बाथरूमला चकचकीत टाइल्स बसवल्यात, आपणच हौसेने पसंत केलेल्या, आता त्यावर रबरी मॅट आणि भिंतीला स्टीलचा दांडा. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारून बंद केली, त्यानेपण रात्री झोक जातो. मोतीबिंदूचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं आणि तिला पहिल्यांदा कळलं की तिसऱ्या पायरीचा कोपरा तुटलाय.

आता एका पायावर चौदा सेकंद जातात, मोबाईलवर मोजते मी. काल दूध उतू गेलं. ओरडले तर म्हणते, थांब, बारा झालेत.